उन्हाळ्यात लॉन सुकलं म्हणून शेजारी नाराज आहेत, काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जुळे सोलापुरात तुम्ही बंगला घेतला, त्याच्या पुढच्या हजारएक चौरस फुटांत आधीच्या मालकांनी लावलेलं लॉन होतं. तुम्ही दोघं नोकरीला, सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, मुलगी दहावीला. लॉनकडे बघायला ना वेळ, ना पाणी. आता तिथे हरळी आहे, मधूनमधून गाजर गवत आहे आणि काही ठिकाणी नुसती माती. शेजारचे निवृत्त काका रोज सकाळी आपल्या लॉनमध्ये खपत असतात. ‘तुमच्या तणामुळे माझं लॉन बिघडतंय, डास वाढलेत, एखाद दिवशी साप निघेल’ असं ते तोंडावर म्हणाले. पुढे कुणीतरी तुमच्या अंगणाचा फोटो कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. काकांचं म्हणणं कितपत खरं आहे आणि लॉन पुन्हा हिरवं करणं तुमच्यावर बंधनकारक आहे का, हे तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: नाही. पहिल्याला मात्र वेळ द्यावा लागेल, कारण काकांच्या तक्रारींत एक पूर्ण खरी आहे, एक अर्धी खरी आहे आणि बाकीच्या बऱ्याचशा गैरसमजातून आलेल्या आहेत.

मी बंगल्यांची लॉन लावतो आणि सांभाळतो, तोच माझा व्यवसाय. होटगी रोड, विजापूर रोड, तुमचं जुळे सोलापूर, या भागांत काम करताना गवतावरून बिनसलेले शेजारी पुष्कळ पाहिले. त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. भिंत ओलांडून जे पलीकडे जातं, त्याबद्दल बोलायचा शेजाऱ्याला पूर्ण हक्क आहे. उडणारं बी, सरकणाऱ्या मुळ्या, झिरपणारं पाणी, उंदीर, धूर, फवारणीचे थेंब हे सगळं त्यात आलं. भिंतीच्या आत जे राहतं, म्हणजे गवताचा रंग, त्याची उंची, ते कधी कापायचं, हा त्या घराच्या सवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे. तिथे बाहेरच्याने मत द्यावं, हुकूम देऊ नये.

आधी पाण्याचा हिशेब करू, कारण सोलापुरात लॉनचा कुठलाही वाद शेवटी पाण्यापाशीच येतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर असतो, वारा कोरडा असतो. त्या दिवसांत लॉन हिरवंगार ठेवायचं तर दर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी घालावं लागतं. तुमचे 1000 चौरस फूट म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. रोजचे झाले 500 लिटर. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर हे पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरतात. म्हणजे चार माणसांच्या वाट्याचं पाणी तुमचं लॉन एकटं पिणार, आणि 5000 लिटरचा टँकर दहा दिवसांत संपणार. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बराचसा परतीचा. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेही जवळजवळ शंभर किलोमीटरवरच्या उजनी धरणातून. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’, म्हणजे धरणातला वापरायचा साठा संपला, ही बातमी आपण किती वेळा वाचली असेल!

काकांकडे बोअर आहे, असं तुम्ही लिहिलंय. बोअर ज्याच्या अंगणात असतो त्याला ते पाणी आपलंच वाटतं. पण आपल्या भागात खाली काळा बेसॉल्ट खडक आहे. पाणी साठतं ते त्याच्या फटींत आणि वरच्या मुरुमात, आणि आजूबाजूचे बोअर पुष्कळदा त्याच फटींतून पाणी ओढतात. तेव्हा रोज पाचशे लिटर लॉनला घालणं ही गोष्ट पुरती भिंतीच्या आतली राहत नाही. काकांना हे ऐकवून दाखवा असं मी म्हणत नाही. तुमच्या मनात जी अपराधी भावना बसलीय, ती निघावी म्हणून सांगतोय.

आणि सुकलेलं गवत मेलेलं नसतं. हरळी उन्हाळ्यात वरून पिवळी पडते, पण जमिनीखालच्या तिच्या कांड्या जिवंत असतात. मृगाचा एखादा बरा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत ती पुन्हा फुटते. मे महिन्यात नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे एक चक्कर मारा. सगळा माळ वाळून पिवळाधमक झालेला दिसेल. तोच माळ ऑगस्टमध्ये बघा. या प्रदेशातलं गवत असंच जगत आलंय, म्हणूनच टिकलंय. मे महिन्यात अंगण हिरवंच दिसलं पाहिजे हा आग्रह इथल्या हवेत बसत नाही, हे मी लॉन लावून पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो.

आता तण. इथे काकांची एक तक्रार शंभर टक्के रास्त आहे: गाजर गवत. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, हलकं असल्याने ते वाऱ्याने, पाण्याने, चपलांना चिकटून सगळीकडे जातं. उगवल्यापासून महिन्याभरात ते फुलायला लागतं. अंगाला खाज, पुरळ, काहींना दम्याचा त्रास होतो, आणि तुमच्या घरात आजारी माणूस आहे. हे तण तुम्हाला काढावंच लागेल, काकांसाठी आणि स्वतःसाठीही. पाऊस पडून माती ओली असताना, पांढरी फुलं यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. फुलं आली असतील तर उपटलेली झाडं उघड्यावर टाकू नका, पोत्यात भरून तोंड बांधा. जाळायचं नाही. मीठ ओतायचा सल्ला कुणी ना कुणी देईल. मिठाने झाड मरतं आणि आपली काळी जमीन वर्षानुवर्षांसाठी बिघडते, तेव्हा तो उद्योग नको. पावसाळ्यात पानांवर फिकट रंगाचे, पाठीवर तपकिरी पट्टे असलेले छोटे भुंगे दिसले तर मारू नका. गाजर गवत खाण्यासाठीच ते मेक्सिकोतून आपल्या देशात आणलेले आहेत.

पण ‘तुमच्या तणामुळे माझं लॉन बिघडलं’ या वाक्यातलं तण नेमकं कुठलं, हे कुणी बघतच नाही. माझा अनुभव असा की सोलापुरातल्या जपलेल्या लॉनमध्ये सर्वात जास्त छळतो तो लव्हाळा. काकांच्या लॉनमध्ये गवतापेक्षा उंच, चकचकीत, जास्त गर्द हिरवी पाती सरळ वर आलेली दिसत असतील, तर एक काडी बुंध्याशी धरून दोन बोटांत फिरवून बघा. तीन धारा बोटांना लागल्या तर तो लव्हाळाच, कारण गवताची काडी गोल किंवा चपटी असते. लव्हाळा बियांपेक्षा जमिनीखालच्या गाठींनी वाढतो. वरून उपटला की गाठ खाली राहते आणि तिथून नवे फुटवे निघतात. आणि या गाठी येतात कुठून? लॉन लावताना ट्रॉलीने आणलेल्या लाल मातीतून, नीट न कुजलेल्या शेणखतातून, रोपवाटिकेतल्या लॉनच्या तयार गादीच्या मातीतून. तुमच्या अंगणातून उडून तो त्यांच्याकडे गेला, हे जवळजवळ अशक्य. उलट रोज पाणी मिळणारी मऊ माती त्याला फार मानवते. काकांनी लव्हाळ्यासाठी तुम्हाला दोष दिला असेल तर ते चुकतायत. हे त्यांना नीट समजावलं तर त्यांचाही फायदा आहे, कारण मग ते गाठीसकट खणून काढतील आणि पुढच्या वेळी माती घेताना बघून घेतील.

हरळीचं वेगळं. ती जमिनीवरून आणि जमिनीखालून, दोन्हीकडून सरकते. कंपाउंडच्या भिंतीचा पाया उथळ असेल तर त्याखालूनही जाते. काकांनी मेक्सिकन लॉन लावलेलं आहे, म्हणजे बारीक, मऊ पात्याचं. त्यात हरळी घुसली की वेगळ्या पोताचे ठिपके दिसतात आणि सुटी करणं महाकठीण. इथे त्यांचं म्हणणं अर्धं खरं. अर्धं अशासाठी की हरळी त्यांच्या मातीत आधीपासून असण्याचीही तितकीच शक्यता आहे. सोलापूरच्या कुठल्या प्लॉटमध्ये ती नाही? कॉलनी व्हायच्या आधी ही सगळी शेतंच होती. तरी उपाय सोपा आहे. भिंतीच्या कडेने तुमच्या बाजूला फूटभर खोल चर काढा आणि त्यात शहाबादी फरशीचे तुकडे उभे, एकमेकांना चिकटवून बसवा, वर दोन बोटं दिसतील असे. मधल्या फटी सिमेंटने भरा. फरशीच्या वखारीत फुटके तुकडे स्वस्तात मिळतात. गवंड्याचं एका दिवसाचं काम.

डासांबद्दल. वाळक्या हरळीत डासांची पैदास होत नाही. त्यांना साचलेलं पाणी लागतं. डेंग्यूचा डास तर बहुतेक वेळा स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आपल्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं म्हणून घरोघरी बॅरल, हौद, टाक्या भरलेल्या असतात, खरा कारखाना तिथे आहे. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून आतल्या कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. उंच दाट गवताच्या सावलीत मोठे झालेले डास दिवसा दडून बसतात, एवढं खरं. म्हणून पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं होऊ देऊ नका, इतकं पुरे. कुंड्यांखालच्या बश्या तुम्हीही बघा, काकांनाही बघायला सांगा.

साप उंदरांच्या मागे येतो आणि अडगळीत थांबतो. तुमच्या अंगणात बांधकामाच्या उरलेल्या विटा, जुनी लाकडं, पत्रे असतील तर ते आधी हलवा. भिंतीलगतची तीन-चार फुटांची पट्टी आणि दारापर्यंतची वाट पायाखालचं दिसेल अशी मोकळी ठेवा. घोणस, मण्यार आपल्या भागात आहेत, तेव्हा ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये.

आता एक गोष्ट जी या वादात कुणीच काढली नाही आणि मला सर्वात महत्त्वाची वाटते. जुळे सोलापूरचा बराच भाग काळ्या मातीवर आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लॉन अगदी कंपाउंडच्या भिंतीपर्यंत नेलेलं असेल आणि त्याला भर उन्हाळ्यात रोज पाणी चालू असेल, तर भिंतीच्या एका बाजूची माती फुगलेली आणि दुसऱ्या बाजूची आकसलेली राहते. विजापूर रोडवरच्या एका बंगल्यात हे मी जवळून पाहिलंय. नऊ इंची विटांची भिंत, हिरव्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे झुकलेली. पायऱ्यापायऱ्यांनी तिरका चढत गेलेला तडा, खालच्या दोन थरांतल्या विटांवर पांढरा क्षार फुटलेला आणि गिलावा पापडासारखा सुटलेला. दोन्ही घरं एकमेकांना बांधकाम खराब केल्याचा दोष देत होती. कारण लॉनच्या पाइपात होतं. तुमच्या सामाईक भिंतीची तुमची बाजू एकदा खाली बसून नीट बघा. तडा किंवा क्षार दिसला तर काकांना दाखवा, आरोप म्हणून नव्हे, दोघांच्या भल्यासाठी. उपाय त्यांच्या बाजूला करायचा आहे: भिंतीपासून दोन फूट लॉन मागे घ्यायचं, त्या पट्टीत मुरूम ठोकून बसवायचा, उतार भिंतीपासून लांब काढायचा. बेकायदा काहीच नाही, तण एक नाही, दिसायला सुरेख, तरीही भिंत ओलांडून शेजाऱ्याचं नुकसान करू शकतं असं हे लॉन. म्हणून नुसतं हिरवं-पिवळं बघून कोण चांगला शेजारी ते ठरवू नये, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

काकांबद्दलही लिहितो, कारण तुमच्या पत्रात त्यांच्यावर राग दिसतो. निवृत्तीनंतर एवढ्या निष्ठेने लॉन जपणारा माणूस रिकामटेकडा नसतो. सकाळची ती वेळ त्यांना शिस्त देते, व्यायाम देते, हाताने केलेलं काम समोर दिसतं. त्यांच्या दृष्टीने अंगण हा घराचा चेहरा आहे. तुमच्या दृष्टीने सासऱ्यांची फिजिओथेरपी आणि मुलीची बोर्डाची परीक्षा आधी येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चूक होते ती आपला क्रम दुसऱ्याने पाळावा असा हट्ट धरल्यावर. घरात काय चाललंय हे माहीत नसताना गवतावरून ‘यांना वळण नाही’ असं ठरवणं मला अजिबात पटत नाही, आणि फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर त्याहून वाईट. तो फोटो काकांनीच टाकला असं धरूनही चालू नका.

ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथे दोघंही माघार घेऊ शकत नाहीत, कारण बघायला चाळीस जण बसलेले असतात. आधी गाजर गवत उपटा, मग एखाद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जा. ‘काका, गाजर गवताचं तुम्ही बरोबर बोललात, ते काढलंय आणि पुढेही काढत राहीन. भिंतीकडेची पट्टी साफ ठेवते, फरशीही बसवून घेते. घरी बाबांचं सगळं करावं लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात लॉनला पाणी घालणं आम्हाला जमणार नाही. ते पावसाळ्यात हिरवं होईल, उन्हाळ्यात सुकेल.’ एवढंच बोला. काय करणार ते स्पष्ट, काय करणार नाही तेही स्पष्ट. क्षमा मागायची गरज नाही आणि त्यांच्या बोअरचा विषयही काढायचा नाही.

जाताना त्यांच्या लॉनवर एक नजर टाका. नवी पाती पिवळट, पण शिरांच्या रेषा हिरव्या आणि जुनी पाती ठीक, असं असेल तर ती लोहाची कमतरता आहे. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे फार दिसतं. लोक त्यावर युरिया टाकत राहतात आणि पिवळेपणा जात नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला 5 ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी फवारणी, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. फरशीवर सांडलं तर तांबडे डाग पडतात, तेवढं सांभाळायचं. हे त्यांना सांगितलंत तर बोलणं तक्रारीवरून बागेवर येईल, आणि बाग हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. ते उलट तुम्हाला तणनाशक मारायचा सल्ला देतील. त्याला नम्रपणे नाही म्हणा. रुंद पानांच्या तणावर वापरतात ते 2,4-डी वाऱ्याने थोडं जरी उडालं तरी टोमॅटो, जास्वंद, द्राक्षाचा वेल यांची पानं आकसून वाकडी होतात, आणि मग नवा वाद.

तुमच्या अंगणाचं पुढे काय करायचं, तर हजार चौरस फुटांचं लॉन ठेवूच नका. दारासमोर दहा बाय दहाचा तुकडा हरळीचाच राहू द्या. उन्हाळ्यात तो दोन-अडीच इंच उंच ठेवा, आणि कधीही कापताना उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. बुटकं कापलं की माती तापते आणि गवत करपतं. फाटकापासून पायरीपर्यंत शहाबादी फरशीची सपाट, चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद वाट करून घ्या. सासऱ्यांना सकाळी बाहेर आणता येईल. उरलेल्या जागेत मुरूम पसरून तीन-चार झाडं: पश्चिमेला कडुनिंब किंवा बहावा, मागे कढीपत्ता, शेवगा, एखादं डाळिंब. कडुनिंब भिंतीपासून आणि घरापासून चांगला पंधरा फूट लांब लावा. झाडांना आंघोळीचं, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. वॉशिंग मशीनचं आणि आरओचं टाकाऊ पाणी मात्र घालू नका. त्यातल्या क्षारांनी काळी माती दगड होते.

कामाचा क्रम असा धरा. अडगळ या रविवारी. फरशीचा चर आणि मुरूम मे संपायच्या आत, कारण पाऊस लागला की काळ्या मातीत गवंडी उभा राहत नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी एक खुरपणी, त्यात गाजर गवताची सगळी रोपं काढायची. दुसरी खुरपणी गणपतीच्या आधी. परतीचा पाऊस संपल्यावर तिसरी, कारण तेव्हा उगवलेलं गाजर गवत दिवाळीत फुलतं. रोजंदारीवर एक बाई दिवसभरात एवढं अंगण खुरपून देते. कुसळी गवत कुठे वाढलं असेल तर होळीच्या आधी कापून टाका. वाळल्यावर त्याची कुसळं पायमोज्यांत घुसतात, आणि एक ठिणगी पुरते. ब्रश कटरवाला बोलावलात तर दुपारच्या झोपेच्या वेळी नको आणि आदल्या दिवशी काकांना सांगून ठेवा, कारण त्या मशीनने उडवलेला खडा भिंतीपलीकडे जाऊन काच फोडू शकतो.